तुमचा फोन अद्ययावत आहे, असं फोनच म्हणतो!

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. २०२० च्या दिवाळीत ११,००० रुपयांचा फोन घेतला. आला तेव्हा त्यात अँड्रॉइड १० होतं, वर्षभरानं ११ आलं, त्यानंतर आजतागायत काही नाही. पुण्याच्या भाच्याच्या फोनवर १६ आहे. मी दर रविवारी सेटिंगमध्ये जाऊन बघते, तर ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ असंच येतं. ११ वर अडकलेला फोन अद्ययावत कसा? इथला एक दुकानदार ८०० रुपयांत ‘नवीन सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतोय. मारून घेऊ का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बाई, ते ८०० रुपये आधी पर्समध्ये परत ठेवा. कारण पुढं सांगतो.

तुमचा फोन खोटं बोलत नाही. त्याला ठाऊकच तेवढं आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो बहुतेक वेळा आपल्या कंपनीच्या सर्व्हरला एवढंच विचारतो, ‘माझ्या मॉडेलसाठी काही आलंय का?’ तिकडून ‘नाही’ आलं की तो तुम्हाला ‘अद्ययावत’ म्हणून मोकळा होतो. जगात १६ निघालंय याची त्याला खबरही नसते.

तुमचं आयुष्य परिपत्रकांत गेलंय, तेव्हा त्याच भाषेत सांगतो. मंत्रालयातून जीआर निघतो, जिल्हा परिषदेत येतो, तिथून पंचायत समिती, केंद्रप्रमुख, मग शाळा. मधल्या एका टेबलावर कागद राहिला की शाळेपुरता तो जीआर निघालेलाच नसतो. अँड्रॉइडचं तसंच आहे. गूगल नवी आवृत्ती काढतं आणि तिचा सोर्स कोड खुला करतं. मग क्वालकॉम, मीडियाटेक, युनिसॉक यांच्यासारख्या चिपवाल्या कंपन्या ती आपापल्या चिपवर चालेल अशी जुळवून देतात. त्यानंतर फोनची कंपनी आपला कॅमेरा, आपली स्क्रीन, आपला रंगढंग त्यात बसवते, गूगलच्या काही लाख स्वयंचलित चाचण्या पार करते (त्याशिवाय प्ले स्टोअर ठेवता येत नाही) आणि मग ते तुमच्याकडे येतं. फरक एवढाच, की जीआर नुसता शिक्का मारून पुढं ढकलता येतो. इथं प्रत्येक टेबलावर खरंच काम करावं लागतं.

यातलं चिपवाल्याचं टेबल सगळ्यांत अवघड. मोडेम (नेटवर्क पकडणारा भाग), कॅमेरा, ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, त्याच्या कुलपात असतात. त्यानं ‘या चिपसाठी आता पुरे’ म्हटलं की फोनची कंपनी कितीही भली असली तरी तिचे हात बांधले जातात. बांधलेल्या हातांनीही काम केल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. नेदरलँड्समधली फेअरफोन ही छोटी कंपनी. तिचा फेअरफोन २ हा २०१५ चा फोन, आत क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०१. क्वालकॉमनं अँड्रॉइड ६ नंतर त्या चिपचा पाठिंबा थांबवला. या लोकांनी स्वतः खटपट करून २०१८ मध्ये ७, २०२१ मध्ये ९ आणि शेवटी १० सुद्धा दिलं. २०२३ च्या मार्चमध्ये, सात वर्षांनी, त्यांनी हात जोडले. म्हणजे अशक्य काही नव्हतं. वेळ फार लागला, आणि मधलं ८ वगळावं लागलं.

मग आपल्या कंपन्या हे का करत नाहीत? इथं मी थोडं तिखट बोलणार. फोनचे पैसे तुम्ही एकदाच दिलेत. अपडेटचे वेगळे देत नाही. स्वस्त फोनात कंपनीला सुटणारे पैसे बेताचेच, आणि वर्षाला अशी दहा-दहा मॉडेलं बाजारात. सांगलीतल्या माझ्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये एकाच कंपनीच्या, नावात एखाद्या अक्षराचा फरक असलेल्या मॉडेलांचे कंबो (म्हणजे टचसकट डिस्प्ले) ठेवायला जागा पुरत नाही. तिथं त्या प्रत्येकाची अपडेट करत कोण बसणार? इंजिनिअर लावायचेच तर कंपनी ते पुढच्या दिवाळीच्या मॉडेलवर लावते. जुना फोन जुना वाटला तरच नवा खपतो, हेही त्यांना कळतं. तांत्रिक अडचण खरी आहे, पण तिच्या आडोशाला हिशोब बसलेला असतो.

अ‍ॅपलचं नाव घेतलं की आमच्याकडचे अँड्रॉइडवाले चिडतात, तरी घेतो. २०१३ च्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेचं अपडेट आलं होतं. नवी आवृत्ती त्याला कधीच बंद झाली होती, पण जुन्या आयओएस १२ ची (आयओएस म्हणजे आयफोनचं अँड्रॉइड म्हणा) भोकं बुजवणं चालू राहिलं. चिप, सॉफ्टवेअर आणि फोन एकाच घरातले असले की टेबलंच कमी.

गूगल गप्प बसलं नाही, हेही सांगायला हवं. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी अँड्रॉइड वन भारतातूनच सुरू केलं : मायक्रोमॅक्स, कार्बन, स्पाइसचे साडेसहा हजारांच्या आतले फोन, अपडेटची जबाबदारी गूगलची. तेव्हा मला वाटलं, आता प्रश्न मिटला. नाही मिटला. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ट्रेबल आणलं, म्हणजे चिपवाल्याचा भाग आणि वरचं अँड्रॉइड यांत पक्की भिंत घातली, एक बदलताना दुसरं उचकटावं लागू नये म्हणून. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून मेनलाइन आलं : आतले काही सुटे भाग गूगल थेट, कंपनीला न विचारता, प्ले स्टोअरसारखे बदलू शकतं. तुमचा फोन १० घेऊन आलेला, म्हणजे ही सोय त्यात असणार. तेव्हा तो दिसतो तेवढा वाऱ्यावर सोडलेला नाही. पण कर्नल (अँड्रॉइडचा अगदी आतला गाभा), मोडेम, ड्रायव्हर हा तळघरातला माल कंपनीनंच बदलायचा असतो, आणि तिथं आता कुणी उतरत नाही.

म्हणून ११ की १६ यापेक्षा दुसरी एक ओळ बघा. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’, त्यात ‘अँड्रॉइड आवृत्ती’, तिथं ‘सुरक्षा अपडेट’ म्हणून एक तारीख असते. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची भोकं सापडली, नुसत्या एका एमएमएसमधून फोनमध्ये शिरता येईल अशी. त्याच ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला अशा भोकांची यादी आणि ठिगळं काढतं. तुमच्या फोनला शेवटचं ठिगळ कधी लागलं, ते ती तारीख सांगते. गेल्या काही महिन्यांतली असेल तर निवांत राहा. २०२२ किंवा २०२३ ची असेल, तर पेन्शनचं खातं आणि यूपीआय या फोनवर ठेवू नका. बाकी काही अडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला २०२५ पासून किमान अँड्रॉइड ५ लागतं, क्रोमला त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या आवृत्तीपासून १०. कीर्तनं ऐकायला, नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलायला फोन खुशाल वापरा.

आता ८०० रुपये. ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणजे बहुतेक ठिकाणी कंपनीचीच शेवटची फाइल पुन्हा टाकणं. तुम्हाला ११ च परत मिळणार, फोटो मात्र जाणार. दुसरा मार्ग म्हणजे हौशी लोकांनी बनवलेली रॉम (फोनचं सगळं सॉफ्टवेअरच), बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, त्याला कंपनीचं कुलूप असतं) उघडून टाकायची. २०१९ मध्ये एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी मी ते केलं होतं. ६ वर अडकलेला फोन, त्यावर ९ चढवलं. दिसायला झकास. तिसऱ्या दिवशी गडी परत आला : बोटाचा ठसा घेईना, कॅमेऱ्यात बायको हिरवी दिसतेय, आणि बँकेचं अ‍ॅप ‘हा फोन सुरक्षित नाही’ म्हणून उघडेना. पैसे परत दिले. हौशी माणसानं जरूर करावं, पण ज्या फोनवर पेन्शन बघायची त्यावर नको.

पुढचा फोन घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा : नव्या आवृत्त्या किती वर्षं, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं. ही वर्षं तुम्ही घेतल्या दिवसापासून मोजायची नसतात, मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. सेलमध्ये स्वस्त मिळालेला फोन दीड वर्षाचा शिळा असला तर तेवढी वर्षं आधीच संपलेली. गूगलनं पिक्सेल ८ पासून (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ पासून (जानेवारी २०२४) सात वर्षं कबूल केलीत, पण ते महागातले. तुमच्या बजेटमधल्या फोनाला मी सुरक्षेची चार वर्षं मागून घेईन, मग भले कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल कमी का असेनात.

प्रश्न : माझ्या फोनला अपडेट आलंय, पण मी तीन महिने ‘नंतर’ दाबतोय. मित्र म्हणतात, अपडेट मारलं की फोन स्लो होतो. (एक वाचक, हातकणंगले)

उत्तर : वरच्या बाई अपडेटसाठी दर रविवारी वाट बघतायत आणि तुम्ही दारातून परत पाठवताय! सुरक्षेचं छोटं अपडेट असेल तर आजच घ्या. मोठी आवृत्ती असेल आणि फोन ३ जीबी रॅमचा असेल, तर आठ-पंधरा दिवस थांबून तुमच्याच मॉडेलवाल्यांचा अनुभव ऐका. पहिले एक-दोन दिवस फोन जड वाटतो, कारण आत सगळी अ‍ॅप नव्यानं लावली जात असतात. तेवढ्यावर त्याला शिव्या देऊ नका. फोटो आधी दुसरीकडं उतरवून घ्या, चार्जिंग निम्म्याच्या वर असू द्या.

आणि ‘जागा नाही’ म्हणत असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून बघा. परवा एका काकांच्या फोनात तिथं १९ जीबी निघाले, त्यात निम्मे गुड मॉर्निंगचे गणपती. डिलीट करायला काका काही तयार होईनात. शेवटी पेनड्राइव्हवर घेऊन दिले.