मानसिक धक्क्याची भरपाई आणि सहा महिन्यांची मुदत

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. वय ३४, बियाणे कंपनीत विक्री अधिकारी, महिन्यातले निम्मे दिवस तालुक्यातालुक्यांतून फिरती. पाच महिन्यांपूर्वी नाशिक-पुणे महामार्गावर चंदनापुरी घाटाजवळ त्या भावाच्या मोटारीतून जात असताना मागून आलेल्या टेम्पोने धडक दिली. मनगटाचे हाड मोडले होते, ते जुळून आले. मात्र तेव्हापासून रात्री झोप लागत नाही, मागून हॉर्न वाजला की छातीत धडधडते आणि मोटारीत बसायचा विचार जरी आला तरी हातपाय गार पडतात. फिरतीचे काम सुटले, दोन महिने बिनपगारी रजा झाली आणि आता कमी पगारावर कार्यालयात बसून काम चालू आहे. त्या विचारतात : ‘‘मानसिक त्रासाची भरपाई मिळते का? मिळत असेल तर आधी पूर्ण बरी होते आणि सगळा खर्च एकत्र करून मग दावा करते. चालेल ना?’’

या अर्थाची पत्रे वारंवार येतात आणि जवळपास प्रत्येक पत्रात दुसरा प्रश्न असाच शेवटी, सहज विचारल्यासारखा जोडलेला असतो. तुमच्या प्रकरणाचे भवितव्य त्या दुसऱ्या प्रश्नावरच अवलंबून आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही, मुळीच चालणार नाही’ असे आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने पोटकलम (३) नव्याने घातले गेले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केलेला नसेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने तो दाखल करून घेऊ नये, असे ते पोटकलम सांगते. मुदत अपघाताच्या तारखेपासून मोजायची आहे. उपचार संपल्यापासून नाही, आजाराचे निदान झाल्यापासून तर नाहीच. मूळ कायद्यातही सहा महिन्यांची मुदत होती, पण पुरेसे कारण दाखवले तर बारा महिन्यांपर्यंत सवलत देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला होता. १९९४ च्या दुरुस्तीने ती मुदतच काढून टाकली आणि पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे लोकांना ‘अपघाताचा दावा केव्हाही करता येतो’ अशी सवय लागली. तुमच्या नात्यातल्या ज्या अनुभवी माणसाने ‘घाई करू नकोस’ असे सांगितले, त्यांचा अनुभव त्या काळातला असावा. नव्या पोटकलमात मुदत परत आली, जुनी सवलत मात्र शब्दांत परत आली नाही.

या तरतुदीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि त्यावर अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. हे वाचून निर्धास्त होऊ नका. अंतरिम आदेश निकालापर्यंतच टिकतो आणि निकाल काय लागेल हे कोणीही वकील छातीठोकपणे सांगू शकत नाही. ही तरतूद अमलात आल्यापासून जखमी माणसे, विधवा आणि म्हातारे आईवडील या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी ताटकळत आहेत, ही आपल्या न्यायव्यवस्थेच्या संथपणाची फार खेदजनक बाब आहे. पण त्या ताटकळणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही आपणहून जाऊन उभे राहण्याचे काही कारण नाही. तुमच्या हातात अजून काही आठवडे आहेत.

‘पोलिसांचा अहवाल म्हणजेच अर्ज’ असेही तुम्हाला कोणी तरी सांगितले आहे. ते अर्धे खरे आहे. कलम १५९ खाली पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अपघाताचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजावा, असे कलम १६६(४) म्हणते. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत जायला हवा आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला दिलेल्या गोहर मोहम्मद प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्रियेची कसोशीने अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिले. आता तुमचीच ओळ तुमच्यापुढे ठेवतो : ‘‘एफआयआर भावाने दिला होता, पुढे काय झाले ते माहीत नाही.’’ पाच महिन्यांत तुम्ही एफआयआरची प्रत घेतलेली नाही, टेम्पोचा विमा कोणत्या कंपनीचा आहे हे विचारलेले नाही आणि सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला की ठाण्याच्या कपाटात पडून आहे याची चौकशी केलेली नाही. मन ठिकाणावर नसताना ठाण्याच्या पायऱ्या चढवत नाहीत हे मी समजू शकतो. परंतु भाऊ, पती, घरातले कोणीही हे काम करू शकले असते. जो अहवाल गेला आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर मुदत जाऊ देणे हा निष्काळजीपणा आहे. अहवाल गेला असला तरी स्वतःचा स्वतंत्र अर्ज दाखल करा. दोन्ही एकत्र चालवता येतात.

‘खर्चाचा आकडाच माहीत नाही, तर अर्जात काय लिहू?’ ही अडचण खरी नाही. अर्जात आज माहीत असलेले लिहायचे, उपचार चालू असल्याचे नमूद करायचे आणि पुढे दुरुस्तीची परवानगी मागायची. शिवाय मागितलेल्या रकमेपेक्षा अधिक, पण न्याय्य भरपाई न्यायाधिकरण देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने नागाप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या २००२ च्या निकालात स्पष्ट केलेले आहे. आकडा मागाहून वाढू शकतो, मुदत तशी वाढत नाही. अर्ज नाशिकलाच करता येईल. अपघात संगमनेर तालुक्यात झाला म्हणून तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत, कारण अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणाकडेही जाण्याची मुभा कायद्यात आहे.

मानसिक त्रासाची भरपाई मिळते. आर. डी. हट्टंगडी प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक धक्क्याबरोबर मानसिक धक्का, वेदना आणि पुढील आयुष्यातील मानसिक ताण यांचा भरपाईच्या बाबींत स्पष्ट उल्लेख केला आणि राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने अपंगत्व कागदावर किती टक्के आहे यापेक्षा त्यामुळे त्या माणसाची कमाई किती घटली हे पाहायला सांगितले. तुमच्यासाठी दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. मनगट कदाचित शून्य टक्के अपंगत्व दाखवील, पण मोटारीत बसू न शकणारी विक्री अधिकारी आपले मूळ काम करू शकत नाही. समजा, हे नुकसान कायमचे ठरले आणि महिना ३,००० रुपयांची घट सिद्ध झाली, तर वर्षाची घट ३६,००० रुपये होते आणि तुमच्या वयाला लागू होणाऱ्या १६ या गुणकाने (वर्षाच्या घटीला ज्याने गुणायचे तो आकडा) ते ५,७६,००० रुपये होतात. हे गणित फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून दिले आहे. त्रास काही महिन्यांत ओसरला, तर प्रत्यक्ष बुडालेला पगार, उपचारखर्च आणि वेदनांबद्दलची एक ठोक रक्कम एवढ्यावर भागेल. त्या ठोक रकमेचा ठरलेला दर नाही आणि ती न्यायाधिकरणागणिक बदलते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तुम्ही पाठवलेल्या केसपेपरची. अपघातानंतर चौथ्या महिन्यात तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात. त्या कागदावर ‘झोप येत नाही, भीती वाटते’ असे एका ओळीत लिहिले आहे, खाली तीन गोळ्या आहेत आणि ‘अपघात’ हा शब्द कुठेही नाही. दुसऱ्या भेटीची नोंदच नाही, कारण गोळ्यांनी गुंगी येते म्हणून तुम्ही त्या बंद केल्यात. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत हाच कागद डॉक्टरांच्या हातात देईल आणि ही भीती घरगुती कारणाने किंवा नोकरीतल्या ताणाने आली नाही कशावरून, असे विचारील. म्हणून या आठवड्यातच पुन्हा डॉक्टरांकडे जा, अपघात कसा झाला, लक्षणे कधी सुरू झाली, पूर्वी असा त्रास होता का, हे सारे सविस्तर सांगा आणि त्या दिवसाच्या तारखेने नोंद करून घ्या. जुन्या कागदावर मागाहून एक अक्षरही लिहून घेऊ नका. वेगळ्या शाईतला तो एक शब्द सारा दावा बुडवील. गुंगीची तक्रारही डॉक्टरांनाच सांगा, औषध बदलता येते. हे डॉक्टर साक्षीला येतील का, हेही आत्ताच विचारा. नुसते प्रमाणपत्र जोडून भागत नाही, ते देणाऱ्याने त्यातला मजकूर शपथेवर सांगावा लागतो.

उपचार केवळ दाव्यासाठी घ्या असे मी सांगत नाही. ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणणाऱ्या घरच्यांना हे पत्र वाचायला द्या. मोडलेल्या हाडाला कोणी असे सांगत नाही, मग या दुखण्याला का सांगावे? रात्री फारच घाबरल्यासारखे झाले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. कार्यालयाची आरोग्य विमा पॉलिसीही काढून वाचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे आहे. मात्र अनेक पॉलिसींत बाह्यरुग्ण खर्च मुळातच धरलेला नसतो, त्यामुळे तिथून किती मिळेल याची खात्री देता येत नाही.

भावाच्या मोटारीच्या विमा कंपनीला पक्षकार करावे का, हा प्रश्न तुम्हाला नात्यामुळे अवघड वाटतो. टेम्पोचालकाने उद्या ‘मोटारीने अचानक ब्रेक मारला’ असे म्हटले तर ती कंपनी समोर असणे हिताचे ठरू शकते. प्रवासी म्हणून तुमची स्वतःची काहीच चूक नसल्याने दोन्ही वाहनांकडून किंवा कोणा एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते. पण त्या मोटारीची पॉलिसी सर्वसमावेशक आहे की फक्त तृतीय पक्षाची, हे पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही. पैसे खरोखर विमा कंपनीकडून मागितलेले असतात, हे भावाला नीट समजावून सांगा.

टेम्पोमालक ‘चाळीस हजार घ्या आणि मिटवा’ म्हणत असल्याचे तुम्ही लिहिले आहे. सही करू नका. लोकअदालतीत तडजोड करायची झाली तरी तिथल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून डॉक्टरांनी पुढील उपचाराचा अंदाज लेखी दिल्याखेरीज तिकडेही आकडा कबूल करू नका.

वकिलाच्या फीसाठी थांबला असाल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्री म्हणून उत्पन्नाची अट न लावता तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो. जाताना एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, सर्व बिले, अपघातापूर्वीच्या आणि नंतरच्या पगारपत्रिका व कंपनीने काम बदलल्याचे पत्र बरोबर ठेवा. यातला एखादा कागद मिळाला नाही तरी अर्ज अडवून धरू नका, तो पुढेही जोडता येतो. उद्या सकाळी भावाला पोलीस ठाण्यात पाठवा आणि अपघाताच्या तारखेला सहा महिने कधी पूर्ण होतात, ती तारीख वकिलाला पहिल्याच भेटीत, इतर काहीही बोलण्याआधी सांगा.