चित्रकार एस. एच. रझांच्या साठच्या दशकातल्या चित्रांत ना झाड दिसतं ना घर, मग त्याला निसर्गचित्र का म्हणायचं?

कारण जागा कशी दिसते यापेक्षा तिथे कसं वाटतं ते रंगवलंय. आपल्याकडे पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात लँडस्केप म्हटलं की शनिवारवाडा नाहीतर नदीचा घाट, ओळखू आलं की खूश, डोळ्याला तीच सवय लागते. रझा पण आधी तसलीच वॉटरकलर करायचे, मग 1950 ला फ्रान्सला गेले आणि पुढच्या दहाएक वर्षांत घरं, चर्च, झाडं सगळी ऑइल रंगाच्या जाड थरांत हळूहळू विरघळत गेली. 1962 ला अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथे अमेरिकन अॅब्स्ट्रॅक्टवाल्यांचं (म्हणजे ओळखू येणाऱ्या वस्तू न काढता नुसत्या रंग-आकारांत रंगवणाऱ्यांचं) काम बघितलं, नंतर अॅक्रिलिककडे वळले. हा रंग पटकन वाळतो त्यामुळे फटकाऱ्यावर फटकारा मारता येतो, खालच्या रंगाचा चिखल होत नाही.

बघताना वस्तू शोधू नका, ब्रश कुठून कुठे ओढलाय ते बघा. आडवे लांब फटकारे असले की जमीन पसरल्यासारखी वाटते, तिरके आणि तुटक असले की वारा नाहीतर आग. काळ्यातून मधेच लाल-केशरी फुटतो ना, तिथे मला त्यांचं लहानपणचं मध्य प्रदेशातलं मंडल्याकडचं जंगल आठवतं (त्यांचा जन्मच तिकडचा). मे महिन्यात भर दुपारी वेताळ टेकडीवर उभं राहून बघा, गवत पिवळं असतं पण जाणवतो तो लालच!

आणि फोनवर बघून मत बनवू नका राव, रंगाचा थर स्क्रीनवर पार सपाट होतो. मला तर त्यांच्या नंतरच्या बिंदूच्या (मोठ्या गोल ठिपक्याच्या) चित्रांपेक्षा हीच चित्रं जास्त भारी वाटतात.