सही शेवटी

प्रिय पोरी,

भोसरीच्या त्या अकरा जणांचा तीन महिन्यांचा पगार थकलाय आणि मालक म्हणतोय, "निम्मे घ्या, विषय मिटवा." त्यांच्या वतीने बोलणी करताना रागाने उठून येऊ नकोस. लगेच 'हो'ही म्हणू नकोस.

आधी हिशेब. मोबाइलमधले मेसेज, पासबुक, डायरी, जे असेल ते प्रत्येकाला आणायला सांग. माझ्याकडे एकदा एक वेल्डर घरचं कॅलेंडर घेऊन आला होता. भरल्या दिवसाला टिंब, ओव्हरटाइमला फुली. मालकाच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, १७ दिवस, कॅलेंडरवर २४. त्याच पानांवर बायकोने दुधाचा हिशेब लिहिलेला, त्यामुळे 'हे मागाहून केलंय' म्हणायला मालकाची जीभ रेटेना.

मग रकमेचे दोन भाग कर. भरल्या दिवसांच्या पगारात सूट द्यायची नाही. हक्काचं वेतन सोडून द्यायचा करार वेतन संहिता, म्हणजे पगाराचा केंद्रीय कायदा, रद्दबातल धरते. वादाचे ओव्हरटाइमचे तास, भरपाई, हप्ते यांवर मात्र मागेपुढे व्हायला हरकत नाही. कारखाना बुडाला तर कोणालाच काही मिळत नाही, हे कामगारांनाही कळतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू आहे. दाव्याला ३ वर्षांची मुदत मिळते आणि भरपाई दाव्याच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकते. हे मालकाला एकदाच, शांतपणे सांग. आवाज चढवलास की तो वकील आणतो आणि तारखा सुरू होतात.

आता माझी चूक ऐक. पुढच्या तारखांचे चेक हातात आले म्हणून मी तीस जणांच्या 'आता काही येणं नाही' अशा कागदावर सह्या करवल्या. पहिला चेक वटला, बाकीचे परत आले. पुढे किती महिने ती माणसं माझ्या दारात बसून असायची. कोणी शिवी दिली नाही, तेच जड गेलं.

म्हणून हप्त्यांच्या तारखा करारात लिहून घे. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय, हेही. 'येणं नाही'ची सही शेवटचे पैसे खात्यात पडल्यावरच. पीएफचा विषय यात मिसळू देऊ नकोस. करार कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर कर. प्रकरण लोकअदालतीत मिटलं तर तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं.

सोमवारी त्यांच्यापैकी दोघांना बरोबर ने. मसुदा हातात पडला की आधी मला फोटो पाठव. अकरापर्यंत मी जागाच असतो.

तुझा,
काका