मशीनपेक्षा हप्ता जड आहे

आपला प्रश्न दोन वेल्डिंग मशीनांपैकी एक निवडण्याचा आहे. जुन्या गाडीची चासी आणि बॉडी घरीच दुरुस्त करायची, तर मिग (तार आपोआप पुढे सरकत वितळते), टिग (टंगस्टनच्या टोकाने वितळवणे) आणि रॉड (हाताने धरायची वितळणारी कांडी) असे वेल्डिंगचे तिन्ही प्रकार चालवणारे २५० अँपिअरचे मशीन घ्यावे, की त्याच्या साठ टक्के किमतीचे १८० अँपिअरचे साधे मिग? सिलिंडरमधल्या गॅसचे आवरण जोडावर धरणारे १८०चे मिग घ्यावे. बॉडीचा पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे मशीन किती वर जाते यापेक्षा ३० अँपिअरच्या आसपास ते स्थिर चालते का, हे आधी पाहावे; चासीच्या तीन-चार मिलिमीटर जाडीला १८० पुरतात.

मला काळजी वाटली ती आपल्या पत्रातील शेवटच्या परिच्छेदाची. मोठ्या मशीनची किंमत १०० धरली, तर विक्रेत्याने वाढीव वॉरंटी आणि कर्जविमा मिळून त्यात १५ घातले आहेत आणि त्या ११५ वर दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट व्याज लावले आहे. व्याज सुमारे २८, परतफेड १४३, महिन्याचा हप्ता ६. फ्लॅट दरात मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच मोजले जाते, म्हणून प्रत्यक्ष दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. याला ‘सुलभ हप्ता’ म्हणून विकणे मला मुळीच मान्य नाही. शिवाय हेल्मेट, हातमोजे, सिलिंडर, रेग्युलेटर, तार आणि ग्राइंडर यांचे माझ्या अंदाजाने किमान ५० आपण धरलेलेच नाहीत, आणि महिनाअखेरीस आपल्या हाती उरतात ८.

दर महिन्याला बाहेरच्या दोन चासी करून हप्ता फेडू, असे आपण लिहिता. आपण अजून एकही झाल, म्हणजे वेल्डिंगचा जोड, मारलेली नाही, हेही त्याच पत्रात आहे. नवशिक्याची झाल वरून गुळगुळीत दिसते, पण कित्येकदा ती पोलादात उतरलेलीच नसते. दोन पट्ट्या जोडून शिकंज्यात धरा आणि हातोडीने वाकवा. जोड उकलला, तर तशी झाल दुसऱ्याच्या गाडीखाली जाता कामा नये. ती रस्त्यात तुटली तर जबाबदारी आपली, आणि पैसे घेऊन केलेले काम घरगुती विम्यात सहसा बसत नाही. त्यातच नव्या गाड्यांच्या उच्च ताकदीच्या पोलादाला उष्णतेने कमकुवतपणा येतो, हे ग्राहक आपल्याला सांगणार नाही. या उत्पन्नाचा आकडा हिशेबातून पूर्ण काढून टाका.

करारावर अजून सही झालेली नाही, हे बरे झाले. ती करू नका. छोटे मशीन ६० आणि साहित्य ५०, असे ११० महिन्याला ८ बाजूला टाकून चौदा महिन्यांत जमतात, तेही बिनव्याजी. फक्त घरात आजारपणासाठी वेगळी शिल्लक नसेल, तर आधी ती उभी करा आणि मशीन आणखी पुढे ढकला. तोवर कुठल्याही वेल्डिंग मशीनशिवाय होणारे काम भरपूर आहे. चासीला स्क्रूड्रायव्हर टोचत जा. गंजाचा पापुद्रा वरून तळहाताएवढा दिसतो आणि आत हातभर पोकळी निघते. खरवडून चकचकीत धातू लागेपर्यंत जा, खडूने खूण करा आणि बदलायची लांबी मोजा. ती चासीच्या निम्म्याहून अधिक भरली, तर मशीन घेण्याआधी मला पुन्हा लिहा, कारण मग ही गाडी ठेवावी की नाही, याचाच हिशेब आधी करावा लागेल.