कार्यालयातला कुत्रा आणि उत्तर न दिलेला ईमेल

प्रश्न (संक्षेपाने) : रत्नागिरी शहरातील एका सामाईक कार्यालयात मी गेल्या 1 ऑक्टोबरपासून अकरा महिन्यांच्या करारावर काचेची एक केबिन घेतली आहे. दरमहा शुल्क 9,000 रुपये, अनामत 45,000 रुपये. घर पावसकडच्या वाडीत आहे आणि दिवसभर घरी कोणी नसते. शेजारच्या पडवीत बांधलेला कुत्रा बिबट्याने नेल्यापासून मी माझा गावठी कुत्रा, मोत्या, रोज कार्यालयात सोबत आणते. व्यवस्थापकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आणा, हरकत नाही’ असे कळवले होते. मे महिन्यात एका कुरिअरवाल्याच्या हाताला मोत्याचे नख लागले. 3 जूनला मालकांचा ईमेल आला की परवानगी मागे घेत आहोत. 24 जूनला माझे प्रवेशकार्ड बंद झाले आणि अनामत जप्त केल्याचे कळवण्यात आले. जुलै-ऑगस्टचे शुल्क मी आधीच भरले आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या परिपत्रकानुसार पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हे खरे ना? न्यायालयातून मनाई हुकूम मिळेल का?

उत्तर : पुण्या-मुंबईचे काम घेऊन गावी परतलेल्यांची अशी पत्रे अलीकडे वारंवार येतात, आणि बहुतेकांत कुत्र्याच्या स्वभावावर दोन पाने व करारावर एक ओळ असते. आपल्या पत्रातही मोत्या किती शांत आहे याचे वर्णन सविस्तर आहे; कराराची प्रत मात्र शेवटी सोपस्कार म्हणून जोडल्यासारखी आहे. मी ती आधी वाचली, आणि आपल्या प्रकरणाचा निर्णय तिच्या अकराव्या कलमात आहे असे माझे मत झाले.

ते कलम असे आहे : ‘परवानाधारक मालकाच्या लेखी परवानगीशिवाय जागेत कोणताही प्राणी आणणार नाही, आणि अशी परवानगी मालकास सात दिवसांच्या लेखी सूचनेने केव्हाही मागे घेता येईल.’ आपला सारा भर पहिल्या अर्ध्यावर आहे. व्यवस्थापकांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश ही लेखी परवानगीच होय, असे आपले म्हणणे आहे, आणि ते मला मान्य आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 4 नुसार जेथे लेखी मजकुराची आवश्यकता आहे तेथे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील, नंतर पाहता येण्याजोगा मजकूरही चालतो. परंतु तेच कलम मालकांच्या ईमेललाही लागू होते. ज्या दाराने परवानगी आत आली, त्याच दाराने ती बाहेर गेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश लेखी आणि ईमेल मात्र अनौपचारिक, असा युक्तिवाद मी न्यायालयात उभा राहून करू शकणार नाही, आणि दुसऱ्या कोणी करून दाखवतो म्हटले तरी आपण त्यावर पैसे खर्च करू नयेत.

तेव्हा परवानगी होती की नव्हती हा प्रश्न उरत नाही. ती 10 जूनला संपली, आणि 11 ते 24 जून या काळात आपण मोत्याला ज्या ज्या दिवशी आणले, त्या प्रत्येक दिवशी कराराचा भंग झाला. ईमेल वाचला होता, पण तो सर्वांसाठी काढलेले पत्रक आहे असे वाटल्याने उत्तर दिले नाही, असे आपण लिहिता. त्या ईमेलची प्रतही आपणच पाठवली आहे. त्यात पहिल्या ओळीत आपले नाव आहे, दुसऱ्या ओळीत कुत्र्याचा उल्लेख आहे आणि तिसऱ्या ओळीत मुदत आहे. त्या सात दिवसांत आपण चार ओळींचे उत्तर पाठवले असते, कुत्रा केबिनमध्येच बांधून ठेवीन, मागच्या दाराने आणीन, किंवा दुसरी सोय होईपर्यंत एक महिन्याची मुदत द्या असे काहीही लिहिले असते, तर मालकांनी ते मानले असते की नाही हे सांगता येत नाही. परंतु आज आपल्या फाइलमध्ये विनंती आणि नकार अशी दोन कागदपत्रे असती, आणि त्या जागी आता फक्त आपले मौन आहे.

परिपत्रकाविषयी. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे निवासी सोसायट्या, रहिवासी संघटना आणि त्या घरांत राहणारे पाळीव प्राण्यांचे मालक यांच्यासाठी आहेत. सोसायटीला बहुमतानेसुद्धा घरात प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे त्यांतील म्हणणे घरापुरते आहे. आपली केबिन हे आपले घर नाही. कार्यालयात कुत्रा आणण्याचा हक्क देणारा कायदा माझ्या वाचनात नाही, आणि त्यास सरसकट मनाई करणाराही नाही. म्हणूनच तेथे करार बोलतो. संविधानाच्या अनुच्छेद 51अ (छ) मधील प्राणिमात्रांविषयीच्या दयेचे कर्तव्य आपण उद्धृत केले आहे. ते सर्व नागरिकांचे कर्तव्य आहे, पण त्यातून दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत प्राणी आणण्याचा अधिकार निघत नाही. दुसऱ्या बाजूला मालकांनी आपल्याला सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2025 मधील आदेशांचा दाखला दिला आहे. तोही तितकाच गैरलागू आहे, कारण ते आदेश भटक्या कुत्र्यांविषयीचे आहेत, गळ्यात पट्टा असलेल्या आणि मालक सोबत असलेल्या मोत्याविषयीचे नाहीत. या दोन्ही कागदांवर वाद घालण्यात दोन्ही पक्षांनी पुरेसा वेळ घालवला आहे.

(एक अपवाद येथेच नोंदवतो, कारण अन्य वाचक त्याविषयी विचारतात. दृष्टिहीन व्यक्तीचा प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्रा असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील वाजवी सोयीसुविधेचे तत्त्व पुढे येते आणि कराराचे असे कलम तितक्या सहजपणे टिकणार नाही. आपले प्रकरण त्यात बसत नाही.)

बिबट्याविषयी आपण जे लिहिले आहे ते खोटे मानण्याचे कारण नाही. आपल्या भागात पडवीतून, अंगणातून कुत्री उचलून नेल्याच्या घटना घडतात आणि दिवसभर रिकाम्या घरात कुत्रा बांधून ठेवण्याची भीती मला समजते. परंतु ही अडचण 3 जूनच्या ईमेलला उत्तर म्हणून लिहिण्याची होती. आता न्यायालयापुढे ती सहानुभूतीचा मुद्दा म्हणून येईल. कराराच्या भंगाला उत्तर म्हणून तिचा उपयोग होणार नाही.

कुरिअरवाल्याच्या हातावरील ओरखड्याचा उल्लेख आपण एका ओळीत उरकला आहे, आणि पुढच्याच पानावर मोत्याची रेबीजची वार्षिक मात्रा मार्चमध्ये द्यायची राहून गेल्याचेही सहज लिहून टाकले आहे. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जीवितास धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना जाणूनबुजून वा निष्काळजीपणे पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. एका नखाच्या ओरखड्यावरून हे कलम लागेलच असे मी म्हणत नाही, आणि कोणी तक्रार केल्याचेही आपल्या पत्रावरून दिसत नाही. तथापि पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकावर आहे, आणि लस चुकलेल्या कुत्र्याचे नख लागलेल्या माणसाला रुग्णालयात जाऊन 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी इंजेक्शने घ्यावी लागली असतील, तर सामाईक जागेच्या मालकाने त्यानंतर परवानगी मागे घेणे अवाजवी होते असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. मोत्याला आजच लस द्या, दाखल्यावर तारीख नीट घालून घ्या, आणि त्या कुरिअरवाल्याने उपचार घेतले का, त्याचा खर्च किती झाला, याची चौकशी करून तो देऊ करा.

येथवर मी मालकांची बाजू मांडल्यासारखे आपल्याला वाटेल. त्यांनी चूक केली आहे, पण ती आपण समजता तेथे नाही. कुत्र्याची परवानगी मागे घेणे ही एक गोष्ट आहे आणि आपला परवाना, म्हणजे केबिन वापरण्याचा हक्क, संपवणे ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीसाठी कराराच्या सतराव्या कलमात वेगळी रीत घालून दिली आहे : भंग कोणता हे लेखी कळवायचे, तो दूर करण्यास पंधरा दिवस द्यायचे, आणि तरीही तो दूर न झाल्यास परवाना रद्द करायचा. 3 जूनच्या ईमेलमध्ये परवाना रद्द होईल असा एक शब्दही नाही. त्यानंतर कोणतीही सूचना न देता 24 जूनला कार्ड बंद करणे म्हणजे मोत्याबरोबर आपल्यालाही बाहेर काढणे होय, आणि तसा अधिकार अकराव्या कलमाने दिलेला नाही. तो ईमेल हीच सतराव्या कलमाखालची सूचना होती असे ते म्हणतील, यात शंका नाही. शब्दांवरून ते तसे दिसत नाही, एवढेच मी आज सांगू शकतो.

अनामत जप्तीबाबत मला अधिक खात्री आहे. ‘कोणत्याही भंगासाठी संपूर्ण अनामत जप्त’ असे कलम लिहून ठेवले म्हणजे पूर्ण रक्कम खिशात घालता येते, हा समज चुकीचा आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. नुकसान सिद्ध करता येण्यासारखे असेल तेथे ते सिद्ध करावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या 2015 च्या निकालात सांगितले आहे. दोन आठवडे कुत्रा आणल्याने 45,000 रुपयांचे नुकसान कसे झाले, हे मालकांना दाखवावे लागेल. फरशीवर ओरखडे असतील, सफाईचा खर्च असेल, एखादा सदस्य त्यामुळेच सोडून गेला असेल, तर तेवढा भाग ते मागू शकतात.

मनाई हुकुमाच्या मागे लागू नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण कॅलेंडरमध्ये आहे. आपला करार 31 ऑगस्टला संपतो. कार्ड 24 जूनला बंद झाले आणि आपले पत्र माझ्याकडे जुलैच्या मध्यावर आले. म्हणजे दुसऱ्यांदा तीन आठवडे गेले. आज दावा तयार केला, मुद्रांक भरला, समन्स बजावला, समोरच्यांनी म्हणणे मांडण्यास मुदत मागितली आणि ती त्यांना मिळाली, की ऑगस्ट संपेल, आणि मग न्यायाधीश विचारतील की संपलेल्या करारावर मनाई कशाची. शिवाय परवानाधारकाला जागेत परत बसवण्यास न्यायालये सहसा तयार नसतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चे कलम 60 काही अपवाद सोडता परवाना रद्द करण्याची मुभा देते. कलम 64 मोबदला घेऊन दिलेला परवाना मुदतीपूर्वी हिरावल्यास भरपाई देते, मात्र परवानाधारकाचा स्वतःचा दोष नसेल तर. त्या शेवटच्या अटीवर समोरचे वकील 11 ते 24 जूनचे दिवस मोजून दाखवतील. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून रत्नागिरीकरांना मुंबई गाठावी लागत नाही हे खरे, पण अनामत आणि दोन महिन्यांचे शुल्क मिळून 63,000 रुपयांच्या वादाने आंबा घाटदेखील ओलांडू नये.

आपल्यासाठी जवळचा मार्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. दावा दाखल करण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीकडे नेता येते, तेथे तडजोड झाल्यास तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. तडजोड न झाल्यास पैशांच्या वसुलीचा दावा करण्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत आपल्याकडे राहते. मागील अनुभव पाहता ती पूर्ण वापरू नका अशी विनंती आहे.

त्याआधी एक पत्र या आठवड्यात गेले पाहिजे. स्पीड पोस्टाने, पोचपावती जपून, आणि त्याच दिवशी ईमेलनेही. त्यात मोत्याच्या स्वभावाविषयी काहीही लिहू नका. 3 जूनची सूचना मिळाली, कुत्रा यापुढे आणणार नाही, हे पहिल्याच वाक्यात मान्य करा. त्यानंतर सतराव्या कलमानुसार सूचना न देता प्रवेश बंद केल्याचे नोंदवा, आणि पंधरा दिवसांत एकतर 31 ऑगस्टपर्यंत केबिन खुली करावी, किंवा जुलै-ऑगस्टचे 18,000 रुपये आणि प्रत्यक्ष नुकसान वजा करून उरलेली अनामत, नुकसानीच्या हिशेबासह, परत करावी अशी मागणी करा. केबिनमध्ये आपले सामान अडकले असेल तर त्याची यादी जोडा. व्यवस्थापकांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नका आणि निकाल लागेपर्यंत तो फोन विकू किंवा बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे प्रमाणपत्र त्या फोनच्या आधारेच द्यावे लागेल. पत्राचा मसुदा पाठवण्यापूर्वी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना दाखवा, आणि मालकांचे उत्तर आले तर ते ज्या दिवशी येईल त्याच दिवशी वाचा.