वाचकांचे प्रश्न : दिव्यांग मुलांचं शिक्षण आणि कायदा

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारं दिव्यांगत्व) आहे. जवळच्या विनाअनुदानित शाळेने ‘आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत घाला’ असं सांगितलं. शाळेला असा नकार देता येतो का? – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगणारं कलम १६ अनुदानित शाळांइतकंच शासनमान्य विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाने परिसरातल्या शाळेत शिकायचं की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आहे, शाळेची नाही. फीचा मुद्दा मात्र वेगळा धरा. विनाअनुदानित शाळेतली मोफत जागा शिक्षणहक्क कायद्याने वंचित व दुर्बल गटांसाठी राखलेल्या २५ टक्के कोट्यातून मिळते आणि ती प्रवेशाच्या पहिल्याच वर्गाला असते.

तोंडी बोलणी आता थांबवा. प्रवेशाचा अर्ज दोन प्रतींत द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर त्या पोचेसह जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. पण कागद नसलेली तक्रार तिथेही पुढे सरकत नाही.

प्रश्न : मुलगी दहावीत. अल्पदृष्टी, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) ५५ टक्के. शाळा म्हणते, लेखनिक (सांगितलेली उत्तरं लिहून देणारा) घ्या नाहीतर वाढीव वेळ, दोन्ही मिळणार नाही. – एक आई, नाशिक

उत्तर : दोन्ही मिळतं. केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटं आहे, म्हणजे ३ तासांच्या पेपरला तासभर जास्त. लेखनिक घेतला म्हणून तो कापला जात नाही, घेतला नाही तरीही मिळतो.

अडतं ते दुसरीकडेच. याच सूचनांनुसार पूर्ण अंधत्व, दोन्ही हातांचं दिव्यांगत्व आणि सेरेब्रल पाल्सी यांना लेखनिक मागितला की द्यायचाच आहे. बाकीच्यांना, म्हणजे अल्पदृष्टीलाही, ‘लिहिण्यास शारीरिक अडचण आहे, लेखनिक आवश्यक’ असं सरकारी रुग्णालयाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. निव्वळ यूडीआयडी कार्ड दाखवून हे काम भागत नाही. सिव्हिलमधून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचा तो कागद आत्ताच काढा. परीक्षेच्या तोंडावर बहुतेकांची धावपळ यासाठीच होते. लहान मुलांची प्रमाणपत्रं बऱ्याचदा मुदतीची असतात, तेव्हा परीक्षेच्या शेवटच्या पेपरापर्यंत ती चालतात का ते बघा. शाळेचं जनरल रजिस्टर, आधार आणि प्रमाणपत्र यांतलं नाव अक्षरशः जुळतं का तेही तपासा. ‘साक्षी’ आणि ‘साक्शी’ एवढ्या फरकानेही फाइल परत येते.

सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचा फॉर्म भरतानाच तो द्या. लेखनिक खालच्या इयत्तेतला निवडा आणि मुलीला त्याच्यासोबत तीनचार सराव पेपर सोडवू द्या. ‘समासापासून दोन बोटं’, ‘इथे परिच्छेद’, ‘कंसात लिही’ हे सांगण्याची सवय नसेल तर भूमितीच्या आकृतीतच निम्मा वेळ जातो. घटक चाचणीलाही वाढीव वेळ आहे. ४५ मिनिटांना १५ मिनिटं. तिथे तो सहसा कोणी देत नाही, मागून घ्यावा लागतो.

प्रश्न : दिव्यांगत्व ३५ टक्के असेल तर काहीच नाही का?

उत्तर : लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ खटल्यात हे स्पष्ट केलं. अर्जदाराला हाताने लिहिताना पेटके येत होते. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्यांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. उच्च शिक्षणातल्या सरकारी व अनुदानित संस्थांमधलं किमान ५ टक्के आरक्षण आणि ५ वर्षांची वयाची सवलत यांना मात्र ४० टक्के लागतातच.