शिकारीला जाताना कानाला काय लावावं?

प्रश्न : सरावाच्या मैदानावर मी न चुकता इअरमफ लावतो, पण शिकारीला निघालं की तो गळ्यात लटकतो. पाचोळ्यातली सळसळ, सोबत्याची हलकी हाक ऐकू यायला हवी. शिवाय दिवसभरात बार एखाद-दुसराच होतो. बंदूक उजव्या खांद्याला लावतो. गेल्या हंगामापासून बार झाला की डाव्या कानात रात्रभर सूं वाजत राहतं. काय घ्यावं?

उत्तर : आधी तो डावा कान. उजव्या खांद्यावरून नेम धरताना डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो, उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. नेमबाजांच्या श्रवणालेखात, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, 4000 हर्ट्झच्या आसपास पडलेला खड्डा, म्हणजे त्या उंच सुराला कमी झालेलं ऐकू येणं, श्रवणतज्ज्ञ म्हणून मी कितीदा तरी पाहिला आहे, म्हणून तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली. पुढच्या हंगामाआधी श्रवणचाचणी करून घ्याच. आणि एखाद्या बारानंतर अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा.

‘एखाद-दुसराच बार’ हा दिलासा खोटा आहे. अशा क्षणिक आवाजासाठी 140 डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. शिकारीच्या बहुतेक रायफली आणि शॉटगन 150 ते 165 च्या घरात जातात, आणि दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. मोठ्या आवाजाला आखडून कान वाचवणारा एक स्नायू मधल्या कानात असतो, पण तो आखडेपर्यंत बार होऊन गेलेला असतो. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नळीला मझल ब्रेक (तोंडाशी बसवलेला, वायू बाजूला वळवणारा भाग) असेल तर आणखी जपा : खांद्याला धक्का कमी बसतो, आवाज मात्र मागे तुमच्याकडेच फेकला जातो.

ऐकू न येण्याची तुमची अडचण खरी आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्या. त्याचे मायक्रोफोन बारीक आवाज वाढवून आत देतात. साधारण 85 डेसिबलच्या पुढचा आवाज मात्र आत सोडत नाहीत. बार अडवतो तो कान झाकणारा कपच, त्यामुळे बॅटरी संपली तरी संरक्षण राहतं. दोन्ही कपांना स्वतंत्र मायक्रोफोन हवेत, म्हणजे आवाजाची दिशा बरीचशी कळते. उघड्या कानाइतकी नेमकी कळणार नाही. तेवढी सवय करावी लागेल. कप पातळ निवडा, नाहीतर गाल दस्त्याला टेकवताना तो उचकटतो. चष्म्याच्या जाड काडीनेही फट पडते.

डब्यावरच्या एनआरआर आकड्याला (आवाज किती डेसिबलने कमी होतो ते सांगणाऱ्या) भुलू नका, तो प्रयोगशाळेतला असतो. सावध हिशेब असा : त्यातून 7 वजा करा, उरलेल्याचं निम्मं धरा. 33 चे झाले 13. म्हणून मोठ्या रायफलीला मी एकटा मफ पुरेसा मानत नाही. आत फोमचा इअरप्लग घाला आणि मफचा आवाज वाढवा. सळसळ तरीही ऐकू येईल. दोन्हींची बेरीज होत नाही, जास्त आकड्यावर साधारण 5 ची भर पडते, पण तीही हवी. प्लग बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. अर्धवट बाहेर राहिलेला प्लग जवळपास निरुपयोगी असतो.

हे सगळं चढवूनच निघा. जनावर दिसल्यावर वेळ मिळत नाही. सोबत्यासाठीही एक जोडी न्या. तो तुमच्या पुढे, बाजूला उभा असेल तर नळीचं तोंड त्याच्या कानाला तुमच्यापेक्षा जवळ असतं.